एका खिळ्यावरची दोन बिले

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आमच्या पिठाच्या गिरणीत दाराच्या आतल्या बाजूला एक जाड खिळा आहे. सासऱ्यांनी ठोकलेला. विजेची बिले त्यालाच अडकवायची, ताजे वर आणि जुने खाली. त्या एकाच खिळ्यावर दोन मीटरची बिले असतात. एक गिरणीचे आणि दुसरे मळ्यातल्या विहिरीवरच्या पंपाचे. गिरणीला दहा अश्वशक्तीची मोटर आहे, विहिरीवर पाचची. 2024 च्या एप्रिलपासून विहिरीच्या बिलात भरायची रक्कम शून्य येते. गिरणीचे बिल मात्र महिन्याच्या महिन्याला भरावे लागते, चार दिवस मागेपुढे झाले की त्यावर आकार चढतो.

ही दोन बिले शेजारी शेजारी ठेवून मी बराच काळ विचार करते आहे. आता पुन्हा दारात प्रचाराची माणसे येऊ लागली आहेत आणि 'ताई, या वेळी कुणाला?' असे विचारू लागली आहेत. त्यांना उंबऱ्यावर उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र.

मिस्टर गेल्यापासून गिरणीचा हिशेब मी बघते. त्याआधी बिलाचा शेवटचा आकडा तेवढा मला माहीत असायचा. 2021 साली तोच आकडा एकाएकी वाढला. दळण तेवढेच, गिऱ्हाईक तेवढेच. पहिल्यांदा वाटले पट्टा घसरतोय, तो बदलला. मग वाटले दगडाला टाकी लावायला, म्हणजे तो टोचून पुन्हा खडबडीत करायला झाला, जास्त ओढ बसतेय, तर माणूस बोलावून टाकी लावून घेतली. मग मोटरचे वायंडिंग तपासले. बिल तसेच. शेवटी वायंडिंगवाल्यानेच बिल हातात घेतले आणि कोपऱ्यातली वर्गवारी दाखवली. पिठाची गिरणी उद्योगात मोडते, पण आमचे मीटर वाणिज्य वर्गात टाकले होते. कधी बदलले, कुणी बदलले, कशावरून बदलले, काही कळवलेले नव्हते. वाणिज्य म्हटले की युनिटचा दर जास्त, आणि वर वीज शुल्कही 21 टक्के. उद्योगाला ते त्याहून पुष्कळ कमी असते. चौदा महिने मी दुसऱ्याच्या वर्गवारीचे पैसे भरत होते.

तेव्हा मी प्रथम गेले ते आमच्या पक्षाच्या तालुक्यातल्या माणसाकडे. 'आमच्या' म्हणते, कारण सासऱ्यांपासून घरात एकच पक्ष. त्याने माझ्यासमोर फोन लावला, 'बघून घ्या जरा, आपली माणसं आहेत' म्हणाला आणि चहा पाजला. दोन महिने गेले, काही हलले नाही. नंतर एका निवृत्त मास्तरांनी सांगितले की यासाठी कायद्याने मंच आहे, ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. वीज कायद्याच्या कलम 42 मध्ये तो प्रत्येक वितरण कंपनीला ठेवावाच लागतो, आणि त्याच्या निकालाने समाधान झाले नाही तर वर विद्युत लोकपाल आहे. वकील लागत नाही. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, चौदा बिलांच्या झेरॉक्स जोडल्या, दगडाच्या जोडीचा फोटो लावला. सुनावणीत दहा मिनिटे बोलले. वर्गवारी बदलून मिळाली आणि जादा घेतलेले पैसे पुढच्या बिलांतून वळते झाले.

त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात जे आले ते आजही तसेच आहे. ओळखीच्या फोनने जे झाले नाही, ते एका कागदाने झाले. कारण त्या कागदामागे कायदा होता आणि कुणी 'आपली माणसं' नव्हती.

हा कायदा कुठून आला ते मी मग शोधून वाचले. माझे लग्न 1996 चे. सासरी आले तेव्हा जेवताना एन्रॉन या अमेरिकन वीज कंपनीवरून सासरे आणि धाकटे दीर यांच्यात वाद चालायचे, ते आठवतात. तिच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार 1993 च्या डिसेंबरात झाला, तेव्हा राज्यात काँग्रेसचे सरकार होते. वीज मंडळ कोणत्या दराने, किती वर्षे, किती वीज घ्यायला बांधले गेले, ते लोकांसमोर ठेवले नव्हते. 1995 च्या निवडणुकीत 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' असे सांगून शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, तिने करार रद्द केला, आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींवर तोच प्रकल्प पुन्हा उभा केला. 1996 च्या मे महिन्यात केंद्रातल्या 13 दिवसांच्या सरकारने त्याची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल ही हमी, मंजूर केली. 1999 ला वीज सुरू झाली, 2001 ला मंडळाने ती परवडत नाही म्हणून घेणे थांबवले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती अमेरिकन कंपनीच दिवाळखोरीत गेली. दोन्ही बाजूंच्या पक्षांची सही त्यावर आहे. म्हणून कुणी एका पक्षाच्या नावाने एन्रॉन काढले की मला पटत नाही.

त्या वेळी दर आणि करार तपासणारा स्वतंत्र आयोग राज्यात नव्हता. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 साली आला. 2003 च्या वीज कायद्याने त्याला पक्के अधिकार दिले. आता दर ठरवतो तो आयोग. वितरण कंपनीने प्रस्ताव मांडायचा, त्याची जाहिरात द्यायची, लोकांनी हरकती आणि सूचना पाठवायच्या, आयोगाने ऐकायचे आणि कारणे देऊन आदेश काढायचा. सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर कलम 65 सांगते की त्याचे पैसे सरकारने आगाऊ भरले पाहिजेत, नाही भरले तर सवलतीचा तो आदेश लागूच होत नाही. माझ्या मते त्या सबंध कायद्यातले सगळ्यात प्रामाणिक कलम हे आहे. द्यायचे तर द्या, पण आधी तुमच्या तिजोरीतून काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट वाचून मी थांबले होते. आयोगाच्या सदस्याला एकदाच पाच वर्षे मिळतात, त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. पद सोडल्यावर दोन वर्षे त्याला वीज धंद्यातली किंवा आयोगापुढे पक्षकार असलेल्या संस्थेची नोकरी घेता येत नाही. का, तर ज्यांच्याबद्दल निकाल दिले त्यांच्याच दाराशी तो उभा राहू नये म्हणून. आमच्या आमदारांना असे थांबायचे बंधन नाही. ज्यांच्या विरोधात मते मागितली त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायला त्यांना दोन वर्षे काय, दोन दिवसही थांबावे लागत नाही. 2003 च्याच डिसेंबरात पक्षांतराचा कायदा कडक करणारी 91 वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली, एक तृतीयांश आमदारांच्या 'फुटी'ची पळवाट तिने बंद केली. म्हणजे एकाच वर्षी देशाने ठरवले की विजेचा दर नेत्याच्या मर्जीवर नको आणि मतदाराने दिलेले मत नेत्याच्या मर्जीवर नको. पुढे काय झाले ते 2019 ते 2024 या काळात महाराष्ट्राने पाहिले. एक चिन्ह 2023 च्या फेब्रुवारीत मूळ नेत्याच्या हातून गेले, दुसरे 2024 च्या फेब्रुवारीत. ज्या बटणावर मी 2019 साली बोट ठेवले त्यामागचा पक्ष आज कुठल्या बाजूला आहे, हे माझ्या मुलीला समजावताना मला कागदावर आकृती काढावी लागली.

विजेच्या बाबतीतही असेच आहे. 2004 च्या विधानसभेआधी शेतकऱ्यांना फुकट विजेचे आश्वासन आधी शिवसेनेने दिले, मग सत्तेतल्या आघाडी सरकारने ते उचलून लगेच अमलात आणले. शून्याचे बिल आमच्याही घरी आले होते. सासऱ्यांनी ते याच खिळ्यावर सगळ्यांत वर लावले. निवडणूक झाली, तीच आघाडी पुन्हा निवडून आली, आणि 2005 साली फुकट वीज बंद झाली. वर भारनियमन सुरू होते ते वेगळेच. सासरे काही बोलले नाहीत. फक्त ते शून्याचे बिल त्यांनी खाली घातले. पक्ष मात्र बदलला नाही.

2020 च्या टाळेबंदीत रीडिंग झाले नाही, सरासरीची बिले आली, आणि जूनमध्ये सगळे एकदम अंगावर आले. सरकार आता दुसरे होते. ऊर्जामंत्र्यांनी सवलत देऊ म्हणून सांगितले, लोकांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली, आणि नोव्हेंबरात तेच म्हणाले की ग्राहकांनी बिले भरावीत. विरोधकांनी तेव्हा बिलांची होळी केली. सत्तेत कोण आणि रस्त्यावर कोण एवढीच अदलाबदल होते. होळी करणारा हात सत्तेत गेला की वीज तोडायला वायरमन पाठवतो.

2024 च्या जुलैत बळीराजा मोफत वीज योजनेचा शासन निर्णय निघाला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2029 च्या मार्चपर्यंत वीज फुकट. सुमारे 44 लाख शेतकरी, वर्षाला 14,760 कोटी रुपये. नोव्हेंबरात निवडणूक. मी शेतकरी आहे, त्या 44 लाखांत आहे, आणि ऊस-गव्हाच्या भावात पंपाचे बिल भरणे किती जड जाते ते मला कुणी सांगायला नको. शेतकऱ्याला मदत मिळू नये असे मी लिहीत नाही. पण ही मदत येते कुठून, तेही त्याच खिळ्यावर लटकलेले असते.

शेतीचा दर आयोगच मुळात पुरवठ्याच्या खर्चाच्या खाली ठेवतो. ती तूट उद्योग, दुकाने आणि जास्त वापर करणारी घरे भरून काढतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. त्याखाली शेतकऱ्याने जो उरलेला दर द्यायचा तो आता सरकार देते, आणि सरकार देते म्हणजे करातून. घरगुती बिलावर 16 टक्के वीज शुल्क आहे, बिल काढून बघा. म्हणजे माझ्या विहिरीवरची मोटर फिरते तेव्हा तिचा काही भाग माझीच गिरणी उचलते, आणि गिरणीत दळण घेऊन येणारी मजूर बाई, जिला ना शेत आहे ना विहीर, तीही तिच्या खोलीच्या बिलातून उचलते. तिला कुणी विचारले? मला तिच्यासमोर शून्याचे बिल लावताना संकोच वाटतो. आता ते मी गिरणीच्या बिलाखाली लावते.

त्यातही किती वीज पंपांना जाते हे नक्की मोजलेले नाही. कायद्याने मीटरशिवाय पुरवठा नको, पण लाखो पंप आजही बिनमीटरचे आहेत आणि त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरतात. मीटर असलेल्यांचेही रीडिंग घ्यायला कोण येतो? आमच्या विहिरीवर मीटरच्या काचेवर गांधीलमाशीने घर केले होते, आणि तरी बिलावर युनिट छापून येत होते. अंदाज फुगवला की गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावावर खपते. हे आयोगापुढे अनेक जाणकारांनी आकड्यांसह मांडले आहे. बदनाम शेतकरी होतो, पैसे दुसरा भरतो, आणि आकडा टाकून वीज घेणारा मोकळा राहतो. कोणता पक्ष जाहीरनाम्यात लिहितो, की आम्ही प्रत्येक रोहित्रावर मीटर बसवू आणि त्याचे आकडे गावाच्या चावडीवर लावू?

जाहीरनाम्यात काय येते तेही सांगते. 2024 ला महायुतीने वीजबिलात 30 टक्के कपातीचे वचन दिले, महाविकास आघाडीने 300 युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना 100 युनिट माफ करू म्हटले. दोघांपैकी कुणालाही दर ठरवायचा अधिकार नाही. त्यांना अधिकार आहे तो आपल्या अर्थसंकल्पातून पैसे देण्याचा, आणि ते कोणत्या शीर्षाखाली, कुठला खर्च कमी करून, हे दोघांनीही लिहिले नाही. पुढे 28 मार्च 2025 ला आयोगाचा पाच वर्षांचा आदेश आला, चार-पाच दिवसांत महावितरणच्या अर्जावर आयोगानेच त्याला स्थगिती दिली, आणि 25 जूनला सुधारित आदेश निघाला. तो आदेश आयोगाचा. पण पहिल्या वर्षी 10 टक्के आणि पाच वर्षांत 26 टक्के दर कमी होणार, ही बातमी राज्यभर गेली ती मुख्यमंत्र्यांच्या तोंडून. दर कमी झाले तर मला आनंद आहे. परंतु न्यायाधीशाच्या निकालाची पेढे वाटून घोषणा पक्षकाराने करावी, तसे मला ते वाटले. आयोग स्वतंत्र आहे हे लोकांना दिसलेही पाहिजे.

मी एकदा आयोगाच्या जनसुनावणीला गेले आहे. 2023 च्या सुरुवातीला, पुण्याला. त्याची सूचना मला मिळाली ती कशी, तर पिठाचा डबा झाकायला घेतलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर. बारीक अक्षरांत अर्धे पान जाहिरात. हरकतीची मुदत संपली होती, पण प्रत्यक्ष येऊन बोलता येईल असे त्यात होते. पहाटेच्या एसटीने गेले. सभागृहात यंत्रमागवाले होते, कारखानदारांच्या संघटनांचे लोक होते, निवृत्त अभियंते होते, पुण्याच्या एका अभ्यासगटाची तरुण मुले जाडजूड कागद घेऊन बसली होती. पक्षांची माणसे आली नाहीत असे नाही. ती घोषणा देत आली, निवेदन दिले, फोटो काढला, आणि पान क्रमांक घेऊन आकड्यांवर बोलणे सुरू झाले तेव्हा जेवायला गेली ती परत आली नाहीत. माझा नंबर दुपारी साडेतीनला लागला. मी म्हणाले, छोट्या गिरणीला स्थिर आकार वाढवू नका, कारण दळण नसले तरी तो भरावा लागतो. आणि वर्गवारी बदलण्याआधी ग्राहकाला नोटीस देणे सक्तीचे करा. अध्यक्षांनी नाव-गाव विचारून लिहून घेतले. आदेश आला तेव्हा स्थिर आकार कमी झाला नव्हता. तरी मी जे बोलले ते कुठेतरी कागदावर आले, एवढे समाधान मला त्या सभागृहाने दिले. कुठल्याही सभेच्या मांडवात ते कधी मिळाले नव्हते.

म्हणून आता दारात येणाऱ्याला मी एवढेच विचारते: तुमच्या पक्षाने शेवटच्या दरप्रस्तावावर आयोगाकडे लेखी हरकत दिली होती का? दिली असेल तर दाखवा. तुमच्या आश्वासनाचे पैसे कलम 65 प्रमाणे आगाऊ कुठून भरणार? आणि निवडून आल्यावर पक्ष बदलावासा वाटला तर आधी राजीनामा देऊन आमच्याकडे परत याल का?

आमच्या पारंपरिक पक्षाचा तालुक्यातला तोच माणूस आला होता. 'वहिनी, तुम्ही कुठं या भानगडीत पडता, आपलं घराणं आपल्याबरोबर आहे' म्हणाला. दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या बायका हळदीकुंकवाचे वाण घेऊन आल्या होत्या, त्यांनी खरेच मन लावून ऐकले, पण उत्तर द्यायला कुणी आले नाही. तिसऱ्या दिवशी एक पोरगा आला, चोवीस-पंचवीसचा असेल. त्याचा पक्ष लहान, आमच्या गावात त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणाला, 'काकू, हरकत आम्ही दिली नव्हती. आम्हाला माहीतच नव्हतं.' आणि मला म्हणाला, ही दोन बिलं फोटो काढायला द्याल का. खिळ्यावरून बिले काढून मी त्याच्या हातात दिली. तो गिरणीच्या पायरीवर बसून अर्धा तास एकेक ओळ विचारत राहिला, पिठाने पाठ पांढरी झाली तरी. दोन दिवसांनी कलम 65 छापून घेऊन आला आणि त्याच्या उमेदवाराला विचारून आला होता की पैसे कुठून देणार. उत्तर अर्धवट होते. शंभर टक्के फुकट शक्य नाही, पाच अश्वशक्तीच्या वरच्यांकडून काही घ्यावे लागेल, असे ते उत्तर होते. माझा पंप नेमका पाचचा आहे, उद्या मोठा घेतला तर मलाही भरावे लागेल. तरी निवडणुकीच्या तोंडावर 'शक्य नाही' हा शब्द मी कुणा उमेदवाराकडून पहिल्यांदा ऐकला. या पक्षाला आमच्या घरातून आजवर एकही मत गेलेले नाही. या वेळी माझे जाणार आहे. सासूबाईंनी विचारले तेव्हा मी त्यांनाही हेच सांगितले. त्या म्हणाल्या, तुझं मत तुझं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. पुढचा दरप्रस्ताव येईल तेव्हा त्याची जाहिरात आपल्या अंकात येईलच. तिच्याबरोबर त्याच दिवशी पहिल्या पानावर चार ओळींची बातमीही द्यावी: हरकतीची शेवटची तारीख, अर्ज कुठे पाठवायचा, सुनावणी कोणत्या शहरात आणि किती वाजता. मुदत संपायच्या आत द्यावी. तो कागद मी डब्यावर झाकणार नाही, खिळ्याला लावीन, म्हणजे दळणाला येणाऱ्या सगळ्यांना वाचता येईल.

आपली,
एक गिरणीचालक आणि शेतकरी
जि. सातारा